‘हजर सर’ कोणत्या भाषेत?

रोज सकाळी वर्गात हजेरी होते. सर नाव पुकारतात आणि तुम्ही म्हणता, ‘हजर सर!’ आता सांगा पाहू, हे वाक्य कोणत्या भाषेतलं?

मराठी? थांबा हं! ‘हजर’ हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या खांद्यावर बसून तो आपल्याकडे आला. ‘सर’ इंग्रजी, पण इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला आणि फ्रेंचांना तो लॅटिनमधून मिळाला. तिथे त्याचा मूळ अर्थ होता ‘थोरला’. पाठीवरचं ‘दप्तर’ फारसीतलं. त्याच्याही मागे गेलात तर एक ग्रीक शब्द सापडतो, आणि त्याचा अर्थ आहे कातडं! पूर्वी लिहायला कातडं वापरत ना, म्हणून. तुम्ही बसता तो ‘बाक’ पोर्तुगिजांचा. आणि तरीही ‘हजर सर’ म्हणताना तुम्हाला क्षणभर तरी वाटतं का, की आपण परकी भाषा बोलतोय? मुळीच नाही.

पण पुढचा तास इंग्रजीचा असला की पोटात गोळा येतो. खरं ना? मोठी माणसं सारखी बजावत असतात, ‘इंग्रजी आलंच पाहिजे, त्याशिवाय काही खरं नाही.’ का आलं पाहिजे, असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘ती जगाची भाषा आहे.’ ठीक. पण ती जगाची भाषा झाली कशी? ती फार सोपी आहे म्हणून? फार गोड आहे म्हणून? की तिच्यात काही जादू आहे?

मित्र-मैत्रिणींनो, एक आकडा सांगतो. साधारण इ. स. १६०० च्या सुमारास, म्हणजे शेक्सपिअर नाटकं लिहीत होता त्या काळी, साऱ्या जगात इंग्रजी बोलणारी माणसं होती अंदाजे ५० ते ७० लाख. आता २०११ ची जनगणना पाहा. लातूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेचोवीस लाख, नांदेडची साडेतेहतीस लाखांच्या पुढे. दोन्ही मिळून झाले ५८ लाख. म्हणजे आपले लातूर आणि नांदेड हे दोन जिल्हे एकत्र केले, तर शेक्सपिअरच्या काळचं सगळं इंग्रजी जग त्यात मावतं! इंग्लंडबाहेर तेव्हा ती भाषा शिकायला फारसं कुणी तयार नव्हतं. शिकून करायचं काय?

आणि आज? इंग्रजी कमी-जास्त जाणणारे लोक दीडशे कोटींच्या आसपास असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे.

राजा एका भाषेत, रयत दुसऱ्या

त्याच्याही मागे गेलो तर आणखी मोठी गंमत आहे. इ. स. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातून विल्यम नावाचा सरदार इंग्लंडवर चालून आला आणि जिंकला. झालं! राजा फ्रेंच बोलणारा, सरदार फ्रेंच बोलणारे, न्यायाधीशही तसेच. धर्माची आणि विद्येची भाषा लॅटिन. मग इंग्रजी कोण बोलत होतं? शेतकरी, गुराखी, लोहार, मोलकरणी. सुमारे तीनशे वर्षं ही अवस्था होती. गोठ्यात मेंढी राखणारा तिला ‘शीप’ म्हणायचा. पण तीच मेंढी शिजून साहेबांच्या ताटात गेली की तिचं नाव व्हायचं ‘मटन’, कारण फ्रेंचमध्ये मेंढीला ‘मुतों’ म्हणतात. राखणाऱ्याचा शब्द वेगळा, खाणाऱ्याचा वेगळा! जळकोटच्या बाजारात तुम्ही जे ‘मटण’ म्हणता, तो शब्द असा फ्रान्सहून इंग्लंडमार्गे इथवर आला आहे.

शेवटी १३६२ साली तिथे कायदा झाला की कोर्टातली बाजू इंग्रजीत मांडावी, कारण गरीब माणसाला आपल्याबद्दल काय बोललं जातंय तेच कळत नाही. आणि हा कायदा लिहिला होता कोणत्या भाषेत, माहीत आहे? फ्रेंचमध्ये!

हसू आलं ना? पण जरा थांबा. ही गोष्ट इंग्लंडची म्हणून सांगितली. नावं बदलली तर ती आपल्या गावचीच होते.

जळकोट हा तालुका झाला १९९९ साली. लातूर जिल्हा झाला १९८२ साली. शेजारचे उदगीर आणि अहमदपूर हे तालुके तर १९५६ पर्यंत चक्क बीदर जिल्ह्यात होते! आणि १७ सप्टेंबर १९४८ च्या आधी हा सगळा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. त्या संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारे मिळून बहुसंख्य. उर्दू ही ज्यांची घरची भाषा, असे लोक दहांत जेमतेम एक-सव्वा. पण राज्यकारभार कशात? आधी फारसीत, आणि १८८० च्या दशकापासून उर्दूत.

मुंबईत १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, तेव्हा त्यात एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे. तिकडे ही नवी हवा वाहत होती आणि इकडे आपल्या कचेरीत फारसी कागद फिरत होते. एकाच मराठी भाषेची लेकरं, पण राजा वेगळा म्हणून शिकायची भाषा वेगळी!

आता कल्पना करा, १९४० च्या सुमाराचं एक पोरगं आहे, तुमच्याएवढं. घरात मराठी. पलीकडच्या आळीत कानडी, आठवडी बाजारात तेलुगू व्यापारी, तांड्यावर गोरमाटी. हे सगळं त्याच्या कानावर आहे आणि थोडंफार जिभेवरही. सुरुवातीच्या काही इयत्ता मराठीत झाल्या तरी पुढे शिकायचं तर उर्दूतून. लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी. भूगोल उर्दूत, गणित उर्दूत. ज्याला ते जमलं तो पुढे गेला, कारकून झाला, वकील झाला. ज्याला नाही जमलं तो शेतात. त्याची अक्कल कमी होती का? नाही हो! त्याची घरची भाषा शाळेच्या दारापर्यंत त्याच्यासोबत यायची आणि चपलांबरोबर बाहेरच राहायची.

म्हणून तर १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवत आणि पुढे अंबाजोगाईलाही त्यांनी शाळा चालवली. निजामाच्या राज्यात खासगी शाळा काढायची म्हणजे सरकारची परवानगी आलीच, आणि ती काही सुखासुखी मिळत नसे. मराठवाड्यात स्वातंत्र्याची चळवळ अशा शाळांच्या अंगणात वाढली, हे तुम्ही इतिहासात वाचता. पण शाळा आणि चळवळ यांच्या मधला दुवा भाषेचा होता, हे कुणी फारसं सांगत नाही.

एक मात्र नीट ध्यानात घ्या. यात उर्दूचा काही दोष नाही. उर्दू फार देखणी भाषा आहे आणि उदगीर, नांदेड, लातूरला तुमच्याच वयाची कितीतरी मुलं आजही आपल्या मायबोलीतून, उर्दूतून, शिकतात. उलट हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने त्या काळी एक धाडस केलं होतं, त्याचं मला मोठं कौतुक वाटतं. १९१८ साली सुरू झालेल्या या विद्यापीठात शिकवण्याचं माध्यम होतं उर्दू. डॉक्टरकी उर्दूत, इंजिनिअरिंग उर्दूत! त्यासाठी खास भाषांतर खातं काढलं आणि शेकडो पुस्तकं उर्दूत आणली. आपल्या देशातली भाषा घेऊन डॉक्टर होता येत नाही, असं म्हणणाऱ्यांना उस्मानियाने तेव्हाच उत्तर दिलं होतं. फक्त संस्थानातल्या बहुतेक पोरांसाठी तीही परकीच होती, ही अडचण.

मग १९४८ साली निजामाची सत्ता गेली. आणि ज्या उर्दूवाचून पान हलत नव्हतं, ती बघता बघता कचेरीतून उठली. उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६४ साली मराठी राजभाषेचा कायदा आला. उर्दूत शिकून हुशार ठरलेल्या माणसांना चाळिशीत मराठी टिपण लिहायला शिकावं लागलं. उर्दू काय एका रात्रीत अवघड झाली होती? की मराठी एका रात्रीत गोड झाली? भाषा होत्या तशाच होत्या. खुर्चीवरचा माणूस बदलला होता.

गलबतं, कारखाने आणि १२८ खण

आता इंग्रजीचं कोडं सुटायला लागलं ना?

१६०० सालच्या शेवटच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीला व्यापाराची सनद मिळाली. गलबतं निघाली. उत्तर अमेरिकेत वसाहती झाल्या, मग ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि आपण. जिथे कंपनीची वखार तिथे कंपनीची भाषा. अर्थात सुरुवातीला उलटंही होतं बरं का! राज्य करायचं तर इथली भाषा हवी, म्हणून साहेब लोक मराठी शिकत. मोल्सवर्थ नावाच्या साहेबाने पंडितांना हाताशी धरून मराठी-इंग्रजी कोश केला. तो १८३१ साली निघाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यात साठ हजारांच्या आसपास शब्द होते. आजही अडलं की अभ्यासक तोच उघडतात. पण १८३५ साली मेकॉलेने इंग्रजी शिक्षणाची बाजू मांडली, सरकारने ती उचलून धरली, आणि हळूहळू नोकरीच्या दारावर इंग्रजीची पाटी लागली.

विद्येच्या प्रांतात मात्र इंग्रजी इतक्या सहज शिरली नाही. न्यूटन तर इंग्लंडचाच. पण गुरुत्वाकर्षणाचा मोठा ग्रंथ त्याने १६८७ साली लॅटिनमध्ये लिहिला, कारण युरोपातले विद्वान लॅटिन वाचत. प्रकाशावरचा ग्रंथ १७०४ साली आला, तो इंग्रजीत. आइन्स्टाइनने १९०५ साली जगाला चकित केलं ते जर्मन भाषेत. त्या काळी विज्ञान शिकायचं म्हणजे जर्मन यायला हवं, असं अमेरिकेतले विद्यार्थीही मानत. मग दोन महायुद्धं झाली. जर्मनी होरपळला, तिथले कितीतरी शास्त्रज्ञ अमेरिकेला गेले. पैसा अमेरिकेत, प्रयोगशाळा अमेरिकेत, सिनेमा अमेरिकेचा. ब्रिटनचं साम्राज्य ओसरलं, पण त्याची भाषा अमेरिकेने पाठुंगळी घेतली. एक मालक गेला आणि त्याच भाषेचा दुसरा आला, असा योग इतर भाषांच्या नशिबी क्वचितच आला असेल.

त्यातच आला कॉम्प्युटर. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांसाठी एक सांकेतिक पद्धत ठरली, तिचं नाव ‘अ‍ॅस्की’. त्यात खण होते फक्त १२८. त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं बसली. आपल्या ‘क’ला आणि ‘ळ’ला तिथे उभं राहायलाही जागा नव्हती. ‘ळ’शिवाय जळकोट लिहून दाखवा पाहू! पुढे आपल्याकडेही यावर काम झालं, आणि १९९१ साली ‘युनिकोड’ नावाची जी जागतिक पद्धत आली तिच्यात देवनागरीला हक्काचे खण मिळाले. म्हणून तर आज तुम्ही मोबाइलवर आईला मराठीत निरोप धाडू शकता. ज्या घरात आधी इंग्रजीच राहत होती, त्या घरात आपण मागून शिरलो, एवढाच फरक. पण तो फरक लहान नाही. यंत्राला आज्ञा द्यायच्या बहुतेक भाषा अजूनही इंग्रजी शब्दांच्याच आहेत.

कधी कधी तर इंग्रजी येणं न येणं हा जिवाचा प्रश्न होतो. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून उडालेलं सौदी अरेबियाचं विमान आणि दिल्लीकडे येणारं कझाकस्तानचं विमान हरियाणातल्या चरखी दादरीवर आकाशात एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. कझाक विमानाने १५ हजार फुटांवर थांबायचं होतं, ते त्याच्याही खाली आलं. त्यांच्या चालकांना इंग्रजी नीट समजत नव्हतं, यावर चौकशीत बोट ठेवलं गेलं. बिचारे ते वैमानिक! विमान चालवायला त्यांना येत नव्हतं असं थोडंच होतं? अशा अपघातांनंतर २००८ सालापासून परदेशी उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांना ठराविक पातळीचं इंग्रजी येणं जगभर सक्तीचं झालं. तिथे कुणी शेक्सपिअर विचारत नाही. दोनच गोष्टी पाहतात: काय सांगितलं ते कळलं का, आणि तुम्ही काय म्हणताय ते समोरच्याला कळलं का.

मग आपण काय करायचं?

हाच तो मुद्दा, ज्यासाठी एवढी पायपीट केली.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांचा तो निर्णय. त्याच्या आधीची पिढी, म्हणजे बहुधा तुमचे आई-बाबा, पाचवीत जाऊन ए-बी-सी-डी गिरवत होती. २०१७ पासून डॉक्टरकीची ‘नीट’ परीक्षा मराठीतही देता येते. म्हणजे वाट थोडी रुंद झाली आहे. पण कॉलेजात गेलेल्या ताई-दादांना विचारा. पहिले दोन-तीन महिने कसे जातात? प्रश्नाचं उत्तर येत असतं. पण ते इंग्रजीत बोलायचं म्हणून हात वर होत नाही. पलीकडचा कुणी फाडफाड बोलतो, त्याला निम्मं येत असतं, तरी तोच हुशार ठरतो. गावाकडच्या कितीतरी गुणी पोरांची इथे दांडी उडते. १९४० सालच्या त्या पोराची आठवण झाली ना?

मला विचाराल तर इंग्रजी शिकायला हवीच, आणि कसून शिकायला हवी. फक्त तिला अकलेची मोजपट्टी समजू नका. आणि शिकताना घाबरायचं कारण नाही, कारण ही भाषा स्वतःच फार गोंधळलेली आहे! ‘नाइट’, म्हणजे सरदार, या शब्दात सुरुवातीला ‘के’ कशाला? एकेकाळी तो खरोखर उच्चारत असत. मग १४७६ साली कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना काढला, स्पेलिंगं हळूहळू ठाम होत गेली आणि लोकांचे उच्चार मात्र पुढे पळाले. ‘डेट’, म्हणजे कर्ज, यातला ‘बी’ तर कधीच कुणी उच्चारला नव्हता. पंडितांना वाटलं, लॅटिनमध्ये ‘बी’ आहे तर इंग्रजीतही घालू या, शोभून दिसेल! तेव्हा स्पेलिंग चुकलं तर निम्मा दोष त्या पंडितांच्या माथी मारायला हरकत नाही. (गुण मात्र तुमचेच जातील, हे लक्षात ठेवा.)

आणि उच्चाराची लाज? जगात इंग्रजी बोलणाऱ्या दर चार माणसांत साधारण तिघांची ती घरची भाषा नाही. नायजेरियातला व्यापारी, जपानी इंजिनिअर, केरळची नर्स, सगळे आपापल्या मातीचा वास लावूनच ती बोलतात. आपल्यालाही हा अनुभव आहे की. ‘काय करायलास?’ म्हटलं की पुण्याकडची मंडळी गालात हसतात. हसेनात का! आपलं म्हणणं त्यांना कळतं. ज्या मातीत ‘करायलास’ म्हणतात, त्या उदगिरात २०२२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि सारा महाराष्ट्र तिथे आला.

शिवाय देणं-घेणं काही एकतर्फी नाही. आपल्या मुंगसाने सातासमुद्रापार मजल मारली आहे. इंग्रजीतला ‘मुंगूज’ हा शब्द मराठीतून गेला, असं इंग्रजी कोशच सांगतात. आणि आपल्या शेजारच्या तेलुगूत घुशीला ‘पंदिकोक्कु’ म्हणतात, म्हणजे डुक्कर-उंदीर. त्याचं इंग्रजांनी केलं ‘बँडिकूट’. मग ऑस्ट्रेलियात गेल्यावर तिथला लांब नाकाचा एक प्राणी पाहून त्यांनी त्यालाही तेच नाव ठोकून दिलं. त्या बिचाऱ्याचा आणि घुशीचा काही संबंध नाही. तरी एक तेलुगू शब्द तिथल्या रानात आजही तुरुतुरु पळतोय.

जाता जाता एक काम सांगतो, या रविवारी जमलं तर करा. गल्लीत नव्वदीच्या घरातले कुणी आजी-आजोबा असतील तर त्यांच्यापाशी बसा. शाळेत कशातून शिकलात, पाटीवर पहिलं अक्षर कोणत्या लिपीत काढलंत, मास्तर उर्दूत काय म्हणायचे, ते विचारा. कुणाच्या घरी जुन्या पेटीत जमिनीचे कागद असतील. काहींवर मोडी असेल, काहींवर उर्दू. त्यावर तुमच्या पणजोबांचं नाव असेल, शेताच्या चारी बाजू लिहिलेल्या असतील, कदाचित विहिरीचाही उल्लेख असेल. घरात तो कागद जपून ठेवलेला असतो, पण वाचता कुणालाच येत नाही. गावात अजून कोण वाचू शकतं, याचा शोध घ्या. आणि सापडलं कुणी, तर त्यांच्याकडून वाचून घ्या. वहीत मराठीत उतरवून ठेवा. ते आजोबा आहेत तोवरच हे होईल.